आखाजीचे सोने आणि जकातीचे देणे

वैशाख शुद्ध तृतीया ही साऱ्या महाराष्ट्रात साडेतीन मुहूर्तांत गणली जाते. खानदेशात मात्र ती केवळ मुहूर्त नव्हे. ती आखाजी आहे. गिरणाकाठच्या आमच्या भडगाव परगण्यात दिवाळीला न आलेली लेक एक वेळ चालते, पण आखाजीला माहेरी न आलेली लेक घरास रुखरुख लावते. निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, गौराई बसते, नव्या घागरीत पाणी भरून वर खरबूज ठेवले जाते, आणि पितरांच्या नावाने आमरस-पुरणपोळीचा घास निघतो. वर्षभर राबलेल्या सालदाराचा हिशेब याच दिवशी चुकता होतो व नव्या सालाची बोली ठरते. (याच दिवशी पारावर पत्त्यांचे डावही पडतात, त्याविषयी आम्ही कीर्तनातून पुष्कळ बोललो आहोत, येथे विस्तार करीत नाही.) आणि याच दिवशी, गुंजभर का होईना, सोने घरात यावे अशी प्रत्येक गृहिणीची इच्छा असते. जळगावच्या सराफ बाजारातील गर्दी त्याची साक्ष देते.

अलीकडे या सोन्याच्या वाटेत एक नवे वळण आले आहे. आमच्या तालुक्यातील मुले दुबई, मस्कत, अमेरिका, जर्मनी येथे नोकरीस गेली. लेकी त्यांच्या संसारासाठी मागोमाग गेल्या. त्या आखाजीला येतात तेव्हा आईसाठी पाटल्या, भावाच्या लग्नासाठी हार, कुलदेवतेसाठी एखादे छत्र किंवा मुकुट घेऊन येतात. हे सर्व प्रेमाचेच आहे. परंतु मुंबईच्या विमानतळावर उतरताना एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो: हे दागिने सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे सांगावेत, की अंगावर घालून वर ओढणी घेऊन हिरव्या वाटेने निघून यावे? आणि आम्हांस खेदाने लिहावे लागते की, ज्या घरांत एकादशीला पाण्याचाही नियम पाळला जातो, त्या घरांतही या दुसऱ्या वाटेला कोणी दोष मानीत नाही. कीर्तन आटोपल्यावर एका सद्‌गृहस्थांनी आम्हांस सहज विचारले, “महाराज, लेकीने आपल्या घामाच्या पैशाने घेतलेले सोने, त्यात सरकारचा वाटा कुठला? यात पाप ते काय?” प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून त्याचे उत्तरही आडपडदा न ठेवता दिले पाहिजे.

प्रथम शास्त्र पाहू. कर ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात आहे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आणलेले आणि १९०९ साली प्रसिद्ध केलेले कौटिलीय अर्थशास्त्र ज्यांनी चाळले असेल त्यांना हा गैरसमज राहणार नाही. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, चार-पाच लेखकांनी आलेल्या व्यापाऱ्याचे नाव, गाव, माल किती आणि मुद्रा कोठे उमटली हे लिहून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. आजच्या विमानतळावरील प्रवासी जे पत्रक भरतो त्याची ही पणजी म्हणावी. परदेशातून आत येणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याचा पाचवा भाग शुल्क सांगितले आहे. शंख, हिरे, रत्ने, मोती यांची किंमत मात्र जाणत्या पारख्याकडून ठरवावी, असा खुलासाही आहे. भीतीने माल कमी सांगितला तर वरचा माल राजाने घ्यावा किंवा आठपट शुल्क वसूल करावे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही शुल्कस्थान चुकवून आडवाटेने जाणाऱ्यास आठपटीचाच दंड आहे. आडवाटेने जाणारा त्या काळीही होता, हे यावरून उघड आहे.

परंतु कौटिल्याचे खरे शहाणपण पुढे आहे, आणि आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. विवाहासाठी नेली जाणारी वस्तू, नवरीसोबत दिलेली वस्तू, भेट म्हणून नेलेली वस्तू, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, चौल, उपनयन, व्रतदीक्षा अशा कार्यांसाठीचा माल, हा सर्व शुल्काशिवाय जावा असे तो सांगतो. म्हणजे आपल्या आईबहिणींना जे वाटते, की लग्नाच्या सोन्यावर आणि देवाच्या छत्रावर कसला कर, ते त्या कठोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या आचार्यालाही वाटले होते! मात्र त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो: जो खोटेच लग्नाचे किंवा देवाचे नाव सांगून माल काढून नेईल, त्याला चोराचा दंड. सवलत आहे, पण ती सांगून घ्यायची आहे. ध्वजाखाली उभे राहून ‘हे लग्नाचे आहे’ म्हणणे आणि पदराखाली झाकून नेणे यांत कौटिल्याने रेघ ओढली आहे.

शब्दांचीही थोडी गंमत येथे नोंदवावीशी वाटते. संस्कृतात ‘शुल्क’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. मुलीच्या बापाने वराकडून घेतलेले द्रव्य तेही शुल्क, आणि राजाची जकात तीही शुल्क. धर्मशास्त्राने पहिले शुल्क निषिद्ध मानले, दुसरे देय मानले. आपल्या समाजाने कित्येक वर्षे नेमके उलटे केले: लग्नातील देणेघेणे राजरोस चालले आणि राजाचे देणे चुकविण्यात हुशारी मानली गेली. तस्कर या शब्दाचेही तसेच. आज वर्तमानपत्रांत तस्करी म्हणजे सोन्याची बिस्किटे चोरून आणणारी मोठी टोळी. संस्कृतात तस्कर म्हणजे साधा चोर. श्रीरुद्रात तस्करांच्या अधिपतीसही नमस्कार घातला आहे हे खरे, परंतु तो नमस्कार शंकरास आहे. त्याचा आधार कोणी विमानतळावर घेऊ नये.

आता आमच्या स्वतःच्या प्रांतात, म्हणजे कीर्तनाच्या आख्यानांत, येऊ. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान महिपतींनी भक्तविजयात सांगितले आहे आणि ते ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि दामाजींनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. पुढे काय घडले ते श्रोत्यांना इतके पाठ असते की, विठू महार बेदरच्या दरबारात शिरला म्हणताच टाळ्या पडतात. परंतु तो दरबारात शिरून काय करतो, याकडे आपले लक्ष जात नाही. पांडुरंगाने बादशहास दृष्टांत देऊन ‘हे कर्ज सोड’ असे सांगितले असते तर कोण अडविणार होते? त्याने तसे केले नाही. त्याने इवल्याशा थैलीतून होन ओतले, सरकारचे सारे देणे मोजून चुकते केले, आणि मोहोर उमटलेली पावती घेतली. ती पावती दामाजींना गीतेच्या पोथीत सापडली. प्रत्यक्ष विठ्ठल, परधर्मीय बादशहाच्या खजिन्याचे देणे, तेही उपाशी माणसांच्या पोटात गेलेल्या धान्याचे. तरी देवाने ते बुडविले नाही. भक्तासाठी नियम मोडण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी होते त्याने पावती घेणे पसंत केले. दामाजीपंतांचे आख्यान ऐकून डोळे पुसणाऱ्या माणसाने परवाच्या विमानाने आलेल्या पाटल्या कशा आणल्या हे हसत हसत सांगावे, यात आम्हांस विसंगती दिसते, आणि ती आम्ही बोलून दाखवितो.

याचा अर्थ सरकार सदैव बरोबर असते असा मुळीच नाही. मधमाशी फुलाला इजा न करता मध घेते तसा कर घ्यावा, हा आपल्या राजनीतीचा जुना दाखला आहे. आणि सोन्याच्या बाबतीत आपल्या सरकारांनी फूल कुस्करल्याचे प्रसंग थोडे नाहीत. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी झाली. गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदा कॅरेटचे मंगळसूत्र कोणत्या मातेने आनंदाने मुलीच्या गळ्यात घातले असते? पुढे १९६८ साली त्याचा कायदाच झाला, तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत राहिला. त्या सबंध काळात कोकणच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर चोरटे सोने उतरत होते, आणि ते घेणारी गिऱ्हाइके काही परग्रहावरची नव्हती. १९९२ साली परदेशस्थ भारतीयांना ठरावीक जकात परकीय चलनात भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा त्या चोरट्या व्यापाराचा कणा मोडला. जकात झेपेल एवढी असली म्हणजे माणूस सरळ वाटेने येतो, हे कौटिल्यास ठाऊक होते. आपल्या अर्थखात्याला ते अधूनमधून आठवते. २०२२ मध्ये सोन्यावरील आयातशुल्क पंधरा टक्क्यांवर नेले होते, ते २०२४ च्या जुलैत एकदम सहा टक्क्यांवर आणले गेले, हे त्यातलेच एक आठवणे.

प्रवाशांच्या दागिन्यांची कथा तर अधिक मासलेवाईक आहे. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यास काही दागिने जकातीवाचून आणता येतात. १९९१ साली ही मर्यादा पुरुषास दहा हजार व स्त्रीस वीस हजार रुपये ठरली, आणि तब्बल बावीस वर्षे कोणी तिच्याकडे पाहिले नाही. २०१३ मध्ये ती पन्नास हजार व एक लाख झाली. २०१६ च्या नियमांनी तिला वजनाची जोड दिली: पुरुषास वीस ग्रॅम, स्त्रीस चाळीस ग्रॅम, पण किमतीची जुनी मर्यादा कायम. त्या साली एक लाखात तीन तोळ्यांहून थोडे अधिक सोने येत होते, तेव्हा नियम बरा वाटला. २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला. म्हणजे कागदावर चार तोळे मोकळे आणि प्रत्यक्षात एकही नाही! गळ्यात साधे मंगळसूत्र आणि हातात दोन बांगड्या घातलेली आमची लेक नियमाच्या डोळ्यांत गुन्हेगार ठरू लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने या जुनाट मर्यादेचा फेरविचार करण्यास सरकारला सांगितले. अखेर २०२६ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले आणि किमतीची अट जाऊन वजनाचीच मर्यादा उरली: स्त्रीस चाळीस ग्रॅम, इतरांस वीस. उशिरा का होईना, योग्य झाले. ज्यांनी मधल्या काळात रांगेत उभे राहून, अपमान गिळून, दंड भरला त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती आहे.

मंगळसूत्राविषयी एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात चेन्नईच्या विमानतळावर श्रीलंकेतून आलेल्या एका नवविवाहितेच्या गळ्यातील सोन्याची थाळी, म्हणजे तमिळ देशातील मंगळसूत्र, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी काढून घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते सोने परत देण्याचा आदेश केला. अंगावर घातलेला दागिना म्हणजे पेटीतला माल नव्हे, आणि तपासणी करताना अधिकाऱ्याने समोरच्याच्या धर्माचा व रीतीचा मान राखला पाहिजे, असा त्या निर्णयाचा रोख होता. आमचे मत असे की, सौभाग्यलेणे तराजूत घालणे हे मुळातच अप्रशस्त होय, आणि कायद्याने ते एकदा स्पष्टपणे शब्दांत लिहून ठेवावे. परंतु त्याबरोबर हेही सांगावे लागते की, या निर्णयाचा हवाला देऊन गळ्यात सात पदरी हार चढवून येणाऱ्या बायाबापड्या कौटिल्याच्या त्या दुसऱ्या वाक्यात बसतात. एका खऱ्या मंगळसूत्राचा अपमान होतो त्याला दहा खोटी मंगळसूत्रे कारण असतात, हे अधिकाऱ्यांपेक्षा आपण ओळखले पाहिजे.

आता हिशेबाची गोष्ट. मोकळ्या मर्यादेपेक्षा अधिक सोने आणावयाचे असेल तर दार बंद नाही. निदान सहा महिने परदेशी राहिलेल्या भारतीय प्रवाशास एक किलोपर्यंत सोने सवलतीच्या दराने शुल्क भरून आणता येते. खडे किंवा मोती जडविलेल्या दागिन्यांस ही सवलत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांच्या सहलीस गेलेल्यास दर पुष्कळ चढा लागतो. २०२४ मध्ये ठरलेला सहा टक्क्यांचा दर आणि तोळ्यास लाख रुपये असे धरून चालले, तर सहा तोळ्यांवर छत्तीस हजार रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण ज्या घरात लग्नाच्या मांडवावर आणि वाजंत्रीवर याच्या कितीतरी पट खर्च होतो, त्या घराने छत्तीस हजारांसाठी लेकीला खोटे बोलावयास लावावे का? कारण प्रत्यक्षात खोटे तीच बोलते. बाप भडगावला पाटावर बसलेला असतो. अधिकाऱ्याच्या नजरेला नजर देऊन ‘माझ्यापाशी काही नाही’ हे तिला म्हणावे लागते. सापडलीच तर माल जप्त, वर दंड, आणि चार लोकांत खाली घातलेली मान, हेही तिच्याच वाट्याला येते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात आपल्याजवळचे सामान सांगणे ही प्रवाशाचीच जबाबदारी आहे. ‘मला कोणी विचारलेच नाही’ ही सबब तेथे चालत नाही.

आणि हे सर्व कशासाठी? देवाच्या आणि पितरांच्या दिवशी घरात सोने यावे म्हणून. सर्व शुद्धींमध्ये द्रव्याची शुद्धी श्रेष्ठ. माती-पाण्याने घासून कोणी शुद्ध होत नाही, ज्याचा पैसा शुद्ध तोच शुद्ध, असे मनूने म्हटले आहे. याज्ञवल्क्यांनी तर न्यायाने मिळविलेल्या धनावर राहणाऱ्या तत्त्वनिष्ठ गृहस्थाला संन्याशाच्या पंक्तीस बसविले, मोक्षाचा अधिकारी म्हटले. सोवळ्याचे नियम आम्ही काही कमी पाळीत नाही. परंतु ओल्या वस्त्राने अर्पण केलेले चोरवाटेचे छत्र आणि पारोशाने अर्पण केलेले पावतीचे फूल यांत देव कशाला हात लावील, याविषयी आमच्या मनात शंका नाही. दानाच्या वेळी आपण संकल्प सोडतो, त्यात गोत्र सांगतो, देश-काल सांगतो. तो संकल्प उच्चारताना द्रव्य कोठून कसे आले हा प्रश्न मनात चाटून जात नसेल, तर आपण फक्त पाणी सोडतो आहोत.

‘सरकार त्या पैशाचे काय करते ते आम्हांस ठाऊक आहे’ असे यावर हमखास म्हटले जाते. उधळपट्टी होते, हे आम्ही नाकारीत नाही. त्यासाठी मत आहे, वर्तमानपत्र आहे, सभा आहे. परंतु जकातीच्या पैशाने काय होऊ शकते याचा एक पुरावा आमच्या शेजारीच दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ मधील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेखाचा आरंभ संस्कृतात असला तरी देणगीचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे, बाजारातल्या माणसालाही कळावा म्हणून असावा. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्यास जे येणे होते, ते मठास दिले, असे तेथे म्हटले आहे. आठशे वर्षांपूर्वी आमच्या खानदेशातील कोणा बाईने पाटणच्या बाजारात बांगडीचा जोड घेतला असेल, तर तिने मोजलेल्या चार कवड्यांतील एखादी कवडी गणित शिकणाऱ्या मुलाच्या पानात पडली. तिला लीलावती ठाऊक नसेल. दाते म्हणून तिचे नाव दगडावर नाही. सोइदेवाचे मात्र आहे.

ज्यांच्या लेकी येत्या दिवसांत परदेशातून येणार आहेत त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विमानतळावर दोन वाटा असतात. सांगण्यासारखे सोने असेल तर लाल वाटेने जावे, तेथे जाणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. खरेदीची मूळ पावती जवळ असावी, म्हणजे वजन आणि कस यांवर वाद होत नाही. घरचे, आजीच्या हातचे जुने दागिने घालून लेक परदेशी निघाली असेल, तर जातानाच सीमाशुल्क कचेरीतून त्यांचा निर्यातीचा दाखला घ्यावा; परत येताना तेच दागिने परदेशी खरेदीचे समजून अडविले जात नाहीत. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या वेळचा नियम विचारून घ्यावा. आणि शुल्क भरल्याची पावती कपाटात कोठेतरी न टाकता दागिन्याच्या डबीतच ठेवावी. पुढच्या वर्षी तोच हार घालून लेक पुन्हा विमानात बसेल तेव्हा दाखला मागताना तीच उपयोगी पडते.